घरातली शाळा आणि दारातलं सरकार

बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून अनंतशास्त्री डोंगरे यांना उडुपीला पंडितांच्या सभेपुढे उभं राहावं लागलं होतं. पुण्यात शिकत असताना त्यांनी आपले गुरू रामचंद्रशास्त्री साठे यांना दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. सभेपुढे त्यांनी ग्रंथांतले आधार काढून दाखवले, बाईने संस्कृत शिकण्यात अधर्म नाही असं मांडलं, आणि शिकवणं काही सोडलं नाही. पुढे त्याच बायकोने, लक्ष्मीबाईंनी, आपल्या धाकट्या लेकीला पहाटे उठवून तोंडी धडे दिले. तेही घरात नव्हे. लेक तान्ही असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं होतं आणि वर्षानुवर्षं फिरतीवरच होतं. ही मुलगी १८७८ साली कलकत्त्याला पोचली तेव्हा तिथल्या विद्वानांनी तिला पारखून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पंडिता रमाबाईंनी तोवर शाळेत पाऊल टाकलेलं नव्हतं.

मुलांना घरी शिकवणाऱ्या आजच्या पालकांना ही गोष्ट फार आवडते. आवडायलाच हवी. पण याच काळातली दुसरी बाजूही सांगायला हवी. रमाबाई रानड्यांना त्यांच्या नवऱ्याने, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, घरीच लिहायला-वाचायला शिकवलं. आणि त्याच घरातल्या बायकांनी त्यांना त्याबद्दल छळलं. घर शिकवत होतं आणि घरच अडवत होतं. अडवणारी घरं कितीतरी जास्त होती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी केली, ती याच घरांचा अनुभव घेऊन. शेतकऱ्याचं पोर गुरांमागे जातं, मुलगी चुलीपाशी बसते, आणि अक्षर मूठभर जातींच्या वाड्यांत राहतं, हे त्यांनी रोज पाहिलं होतं.

म्हणून आपल्याकडे ‘शिक्षणाची सक्ती’ हे पुरोगामी माणसाच्या तोंडचे शब्द आहेत. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी मजुराच्या घरात एक रुपया म्हणजे थट्टा नव्हती. त्यानंतर पुण्यात नगरपालिकेने ही सक्ती मुलींनाही लावायची की आधी फक्त मुलग्यांना, यावरून १९२० च्या सुमारास रणं माजली. विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले. टिळकांच्या पक्षाचं म्हणणं पैसा अपुरा आहे, आधी मुलगे शिकू देत असं होतं.

या सगळ्या सुधारकांच्या मनात एक गृहीत होतं: घरावर भरवसा ठेवता येत नाही, मुलाच्या वतीने कुणीतरी बाहेरून आत यावं लागतं. ते गृहीत चूक नव्हतं. पण गुरांमागे मुलगा धाडणाऱ्या बापासाठी विणलेल्या जाळ्यात आज वेगळेच मासे सापडतात. शाळेतल्या माराने किंवा चिडवण्याने खचलेल्या मुलाला घरी आणणारी आई, वाचनात अडखळणाऱ्या मुलीला तिच्या गतीने शिकवू पाहणारा बाप, पोरगा दिवसाचे आठ तास बुद्धिबळ खेळतो म्हणून शाळा सोडणारं कुटुंब, आणि अर्थातच आपल्या धर्माबाहेरचं काही मुलाच्या कानावर पडू नये म्हणून दार लावून घेणारेही. कायद्याला या सगळ्यांत फरक करता येतो का, हा होमस्कूलिंगच्या वादातला खरा प्रश्न आहे. देशोदेशींची उत्तरं पाहिली तर बहुतेकांनी तो सोडवलेला नाही, टाळला आहे.

सर्वांत कडक उत्तर जर्मनीचं.

सक्तीच्या शिक्षणाची जन्मभूमी म्हणून प्रशियाचं नाव घेतलं जातं. १७१७ मध्ये राजा फ्रेडरिक विल्यम पहिला याने हुकूम काढला आणि १७६३ मध्ये त्याच्या मुलाने, फ्रेडरिक द ग्रेटने, पाचव्या वर्षापासून तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत मुलांना शाळेत धाडण्याचा नियम केला. पण १७९४ च्या प्रशियन कायदेसंहितेत एक पळवाट नव्हे, सरळ वाटच ठेवली होती: जो आपल्या मुलांना घरी आवश्यक ते शिक्षण देऊ शकत नाही किंवा देऊ इच्छित नाही, त्याने त्यांना शाळेत धाडावं. म्हणजे बंधन शिकवण्याचं होतं, शाळेच्या बाकाचं नव्हतं. श्रीमंतांच्या घरी खासगी शिक्षक येत आणि कुणाची हरकत नसे.

हे बदललं १९१९ च्या वायमार राज्यघटनेने. राजेशाही गेली होती, महायुद्धात हार झाली होती, आणि नव्या प्रजासत्ताकाला गरीब-श्रीमंतांची पोरं एका बाकावर बसलेली हवी होती. राज्यघटनेने शाळेची सक्ती सार्वत्रिक केली आणि १९२० च्या कायद्याने पहिली चार वर्षं सगळ्यांना एकच प्राथमिक शाळा ठरवून दिली. श्रीमंतांच्या मुलांसाठीच्या वेगळ्या पूर्वतयारी शाळा बंद करायचं ठरलं. त्यानंतर १९३८ मध्ये नाझी राजवटीने सगळ्या देशासाठी एकच शाळासक्ती कायदा केला आणि मुलाला पोलिसांकरवी शाळेत आणण्याची तरतूद त्यात घातली.

अमेरिकेतले होमस्कूलिंगचे पुरस्कर्ते भाषणात हमखास सांगतात की जर्मनीतली बंदी ही हिटलरची देणगी आहे. हे अर्धसत्य आहे. पोलिसांचा दांडा नाझींचा, पण मुलांना एकत्र बसवण्याची कल्पना समाजवादी आणि उदारमतवादी लोकांची, आणि तिच्यामागचा हेतू आपल्या शाहू महाराजांच्या हेतूच्या बराच जवळचा. नाझींना मुलं एकत्र हवी होती ती त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट भरायला. वायमारवाल्यांना हवी होती ती वर्गभेद मोडायला. तीच सक्ती दोघांच्याही कामाला आली. सक्तीचा कायदा करताना पुढे तो कुणाच्या हाती पडेल याचा विचार करावा तो यासाठी.

युद्धानंतर जर्मनीच्या नव्या मूलभूत कायद्यात मुलांचं संगोपन हा आईबापांचा नैसर्गिक हक्क मानला गेला आणि संपूर्ण शालेय व्यवस्था राज्याच्या देखरेखीखाली ठेवली गेली. शिक्षण हा तिथे घटकराज्यांचा विषय. सोळाही राज्यांत शाळेत जाणं सक्तीचं आहे. गंभीर आजारासारखे अपवाद सोडले तर घरी शिकवायची मुभा नाही. बहुतेक ठिकाणी दंड होतो. हेसे राज्यात मुलाला सतत शाळेबाहेर ठेवणाऱ्या पालकाला सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

या सक्तीला बायबलनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबांनी पुन्हा पुन्हा आव्हान दिलं. जर्मन घटना न्यायालयाने २००३ मध्ये दिलेलं उत्तर अभ्यासण्यासारखं आहे. मूल घरी चांगलं शिकतं की नाही एवढाच प्रश्न नाही, असं न्यायालय म्हणालं. समाजात धर्माच्या किंवा मतांच्या पायावर समांतर बेटं तयार होऊ नयेत यात सगळ्यांचं हित आहे, आणि वेगळ्या मताच्या माणसांशी रोज वागायला मूल शाळेतच शिकतं. तेच प्रकरण ‘कोनराड विरुद्ध जर्मनी’ या नावाने युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. तिथे ते २००६ मध्ये दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळलं गेलं.

हा युक्तिवाद मला वेडगळ वाटत नाही. जातीजातींच्या वेगळ्या वस्त्या, वेगळी वसतिगृहं आणि आता वेगळ्या सोसायट्या असलेल्या देशात राहणाऱ्या माणसाला तर तो चटकन पटावा. पण तो खरा असेल तर खासगी शाळांनाही लागू व्हायला हवा. एकाच पंथाची मुलं, एकाच पंथाचे शिक्षक असलेली मान्यताप्राप्त शाळा जर्मनीत चालते. तिच्यातही बेट असतंच. फक्त त्या बेटावर निरीक्षक जाऊ शकतो. तेव्हा सरकारला खटकतं ते बेट नाही, बेटावर आपली नाव लागत नाही हे.

आणि तत्त्व कितीही उदात्त असलं तरी ते अमलात येताना कसं दिसतं? हेसे राज्यात डार्मश्टाटजवळ राहणाऱ्या एका कुटुंबाच्या घरी ऑगस्ट २०१३ मध्ये पोलिस आणि बालकल्याण खात्याचे अधिकारी गेले आणि चारही मुलांना घेऊन गेले. मुलं तीन आठवडे बाहेर राहिली. आईबापांनी शाळेत धाडायचं कबूल केल्यावर परत मिळाली. ‘वुंडरलिख विरुद्ध जर्मनी’ या खटल्यात युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला की कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा यात भंग झालेला नाही. निकाल वाचल्यावर न्यायालयाची अडचण समजते: मुलं कुणालाच दिसत नव्हती, तेव्हा ती सुखरूप आहेत की नाहीत हे तपासायचं कसं? पण तपासणं आणि उचलून नेणं यांत फार मोठं अंतर आहे. जर्मन कायद्यात घरच्या शिक्षणाला जागाच नसल्यामुळे तपासून ‘ठीक आहे, चालू द्या’ म्हणण्याचा पर्यायच अधिकाऱ्यापाशी उरलेला नव्हता.

आणखी एक कुटुंब बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातून २००८ मध्ये थेट अमेरिकेत, टेनेसीत, गेलं आणि त्याने राजकीय आश्रय मागितला. बाप पियानोशिक्षक. जर्मनीत असताना दंड वाढत गेला होता आणि २००६ मध्ये एकदा पोलिस मुलांना घरातून शाळेत घेऊन गेले होते. मेम्फिसच्या इमिग्रेशन न्यायाधीशाने २०१० मध्ये आश्रय दिला. वरच्या अधिकरणाने तो काढून घेतला. अपील न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की जर्मनीचा कायदा सगळ्यांना सारखा लागू आहे, त्यामुळे याला छळ म्हणता येत नाही. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सरकारने कुटुंबाला राहू देण्याचं ठरवलं. २०२३ मध्ये पुन्हा निघून जायची सूचना मिळाली, गवगवा झाला, मुदत वाढली. जर्मनीसारख्या लोकशाही देशातून शाळेपायी कुणी अमेरिकेत आश्रय मागावा, हे आपल्याला चमत्कारिक वाटतं. टेनेसीतल्या शेजाऱ्यांना त्यात काहीच चमत्कारिक वाटलं नाही.

कारण अमेरिकेचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये शाळा सक्तीची केली, मिसिसिपीने सर्वांत शेवटी १९१८ मध्ये. मग न्यायालयांनी एकेक खिळा सैल केला. ओरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याचा कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये रद्द केला. १९७२ मध्ये आलेलं विस्कॉन्सिनच्या आमिश शेतकऱ्यांचं प्रकरण त्याहून महत्त्वाचं. मोटार आणि वीज दूर ठेवणारा हा पंथ मुलांना आठवीनंतर शेतीत घेतो. राज्याचा कायदा सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सांगत होता. प्रत्येक बापाला पाच डॉलर दंड झाला. न्यायालयाने निकाल आमिशांच्या बाजूने दिला.

त्या निकालात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी काही अंशी वेगळं मत नोंदवलं. आपण बापाचा धर्म आणि राज्याचं हित तोलत बसलो आहोत, पण ज्या मुलांच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे त्यांना कुणी विचारलं का, असा त्यांचा सवाल होता. मुलाला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचं असेल तर? खटल्यातल्या तीन मुलांपैकी फक्त एकीची साक्ष झाली होती. बाकीच्यांचं मत न्यायालयाला ठाऊकच नव्हतं. पन्नास वर्षांनंतरही या विषयावरचं बरंचसं लेखन पालक विरुद्ध सरकार याच कुस्तीचं वर्णन करतं, आणि डग्लस यांचा प्रश्न तळटिपेत राहतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. जॉन होल्ट या शिक्षकाने शाळा सुधारण्याचा नाद सोडला आणि १९७७ पासून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ नावाचं पत्रक काढून पालकांना घरी शिकवायला सांगितलं. त्याच्यामागे डावे, हिप्पी, निसर्गवादी होते. १९८० च्या दशकात पुराणमतवादी ख्रिस्ती कुटुंबं आली, त्यांनी वकिलांची संघटना उभारली, आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. नियम मात्र राज्यागणिक निराळे. न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावा लागतो. टेक्साससारख्या राज्यात आपण मुलाला घरी शिकवतो हे सरकारला कळवण्याचीही गरज नाही. कोविडमध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पाहणीत होमस्कूलिंग करणारी कुटुंबं २०२० च्या वसंतातल्या ५.४ टक्क्यांवरून त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्क्यांवर गेलेली दिसली.

मोकळीक दिली की काय होतं त्याची काळी बाजूही अमेरिकेनेच दाखवली. कॅलिफोर्नियात पेरिस नावाच्या गावी जानेवारी २०१८ मध्ये एका घरातून तेरा भावंडांची सुटका झाली. काहींना साखळदंडाने बांधलेलं होतं, बहुतेक सगळी उपाशी होती. बापाने त्या घराची नोंद खासगी शाळा म्हणून केली होती आणि स्वतःला मुख्याध्यापक दाखवलं होतं. शिक्षण खात्याचं कुणी कधी पाहायला गेलं नाही, कारण खात्याला तसा अधिकारच नव्हता. त्यानंतर तपासणीच्या दिशेने एक साधं विधेयक आलं, तर शेकडो पालक राजधानीत विरोधाला जमले आणि ते समितीतच पडलं. त्या पालकांनी आपल्या मुलांचं काही वाईट केलं नव्हतं हे मान्य. तरीही वर्षातून एकदा कुणीतरी घरी येऊन मुलाला पाहून जावं, एवढीसुद्धा गोष्ट ज्यांना जुलूम वाटते त्यांची बाजू घेणं मला जमत नाही.

इंग्लंड आता हाच धडा शिकत आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून तिथे पालकाचं कर्तव्य मुलाला योग्य शिक्षण देण्याचं आहे, मग ते शाळेत असो की अन्य प्रकारे. शाळेतून नाव काढायला एक पत्र पुरे. ऑगस्ट २०२३ मध्ये वोकिंग इथे दहा वर्षांच्या एका मुलीचा घरच्यांच्या मारहाणीने मृत्यू झाला. चार महिन्यांपूर्वी तिला घरी शिकवायचं कारण देऊन शाळेतून काढलं होतं, आणि तिच्या अंगावरचे वळ त्याआधी शाळेतल्या शिक्षकांच्या लक्षात आलेले होते. डिसेंबर २०२४ मध्ये बाप आणि सावत्र आई दोषी ठरले. त्याच महिन्यात सरकारने आणलेल्या विधेयकात शाळेत नसलेल्या मुलांची नोंदवही आणि, ज्या घराची बालसंरक्षण चौकशी चालू आहे तिथे, शाळा सोडण्याआधी परवानगी अशी तरतूद होती.

फ्रान्सने मात्र नोंदवहीवर न थांबता दारच ओढून घेतलं. १८८२ पासून तिथे शिक्षण सक्तीचं होतं, शाळा नव्हती; पालकाने कळवायचं आणि सरकारने तपासायचं, अशी पद्धत शंभरावर वर्षं चालली. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी इस्लामी फुटीरतेविरुद्धच्या भाषणात होमस्कूलिंगवर बोट ठेवलं, आणि ऑगस्ट २०२१ च्या कायद्याने कळवण्याऐवजी परवानगी आली: आजार किंवा अपंगत्व, खेळ वा कलेचा कसून सराव, भटकं किंवा शाळेपासून फार दूरचं कुटुंब, नाहीतर मुलाची काही खास गरज, यांपैकी कारण दाखवा. रोख काही मुस्लिम कुटुंबांवर, आणि अर्ज करायचे ब्रिटनीतल्या शेतावर राहणाऱ्या निरुपद्रवी कुटुंबानेही. स्वीडनने २०११ पासून याहून कडक, केवळ अपवादात्मक परिस्थितीतच परवानगी, असा नियम लावला. त्याआधी जून २००९ मध्ये तिथल्या विमानतळावर भारताला निघालेल्या विमानातून सात वर्षांच्या एका मुलाला अधिकाऱ्यांनी उतरवून घेतलं होतं. आई भारतीय होती, कुटुंब भारतात स्थायिक व्हायला निघालं होतं. प्रकरणात लसी आणि किडलेल्या दातांचेही मुद्दे होते, पण सुरुवात शाळेपासून झाली होती. तो मुलगा आईबापांना परत मिळाला नाही.

आणि भारतात? इथे पोलिस येत नाहीत. इथे कागद येतात.

२००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत केला, आणि मुलाला शिक्षणाची संधी देणं हे पालकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. या दुरुस्तीत शिक्षण आहे, शाळेची अट नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मात्र मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं लिहिलं आहे. न केल्यास शिक्षा काय? कायद्यात काहीच नाही. फुले-शाहूंच्या देशाने दंडाची तरतूद मुद्दाम वगळली, कारण ती गरिबावरच बसली असती. ते योग्यच झालं. पण त्यामुळे घरी शिकवणाऱ्याची अवस्था विचित्र झाली: गुन्हा नाही, आणि परवानगीही नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केंद्र सरकारने आधी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही, आणि नंतर त्या भूमिकेवरून माघार घेतली. तेव्हापासून हा प्रश्न तसाच लोंबकळतो आहे.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना या कायद्याच्या बाहेर ठेवलं गेलं. म्हणजे मुलाला फक्त वेद किंवा फक्त कुराण शिकवणाऱ्या संस्थेला सूट आहे, घरी गणित, विज्ञान आणि मराठी शिकवणाऱ्या आईला नाही. हे कोणत्या तर्काने बसतं ते मला कळलेलं नाही. पाच-सहा कुटुंबांनी मिळून पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये शिक्षक ठेवले, तर कलम १८ आणि १९ खाली ती विनामान्यता शाळा ठरू शकते. दंड एक लाखापर्यंत, आणि चालूच ठेवली तर रोज दहा हजारांपर्यंत. महाराष्ट्र सरकारने ४ जुलै २०१५ ला एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण केलं. मोजणीत आलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली जात होती. ऊसतोड कामगाराचं मूल शोधायला निघालेल्या त्या शिक्षकाच्या तक्त्यात घरी शिकणाऱ्या मुलासाठी वेगळा रकाना नव्हता.

खरा अडसर आहे तो दाखल्याचा. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला शिक्षणापुरता नसतो. त्यावर जन्मतारीख असते, जन्मगाव असतं, जात असते. जातीचा दाखला काढताना आणि जातपडताळणी समितीपुढे जाताना मुलाच्या, बापाच्या, आजोबाच्या शाळेच्या नोंदीच सर्वांत आधी मागितल्या जातात. मागास जातीतल्या किंवा आदिवासी कुटुंबाने मूल शाळेतून काढणं म्हणजे त्याच्या पुढच्या आरक्षणाच्या पुराव्याची साखळी तोडण्याचा धोका पत्करणं. महाराष्ट्रातलं होमस्कूलिंग शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या आणि बहुधा उच्चवर्णीय घरांत का दिसतं याचं हे एक कारण आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. दुसरं कारण पैशाचं: एका पालकाला नोकरी सोडावी लागते. आम्ही दोघं शिकवतो असं सांगितलं जातं, पण नोकरी सोडलेली असते बहुतेक वेळा आईने.

वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला दहावीला बसू देते, आणि आपण त्या पातळीइतकं शिकलो आहोत असं स्वतःचं लेखी निवेदन तिला चालतं. बाहेरून परीक्षेला बसण्याचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्या ओळखीचाच. नापास होऊन शाळा सुटलेल्यांपासून लग्नानंतर दहावीला बसणाऱ्या बायकांपर्यंत अनेकांना त्याने हात दिला आहे. पण दाखला नसेल तर त्यालाही प्रतिज्ञापत्र लागतं. २०१६ साली मुंबईतल्या सतरा वर्षांच्या मुलीला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला. आईने तिला सातवीत शाळेतून काढलं होतं. तिने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली होती. आयआयटीत तिला जाता येत नव्हतं, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. चेन्नईच्या गणित संस्थेने मात्र तिला शिकायला घेतलं होतं. वर्तमानपत्रांनी यावर आयआयटीला टोमणे मारले. मला त्याहून ज्या मुलांना ऑलिंपियाडचं पदक मिळत नाही त्यांची काळजी वाटते. सामान्य बुद्धीचं, घरी समाधानाने शिकलेलं मूल अठराव्या वर्षी महाविद्यालयाच्या खिडकीशी उभं राहतं, तेव्हा त्याच्यासाठी बातमी छापून येत नाही.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सव्विसाव्या कलमात प्राथमिक शिक्षण सक्तीचं असावं असं म्हटलं आहे, आणि मुलाला कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे निवडण्याचा अग्रहक्क पालकांचा आहे असंही म्हटलं आहे. नुकताच नाझी शाळांचा अनुभव घेतलेल्या जगाने ही दोन्ही वाक्यं एका कलमात घातली. त्यांतलं एकच वाचायचा मोह दोन्ही बाजूंना होतो.

माझं मत असं आहे. भारताने घरच्या शिक्षणाला कायद्यात एक लहान, स्पष्ट जागा द्यावी: पालकाने गटशिक्षणाधिकाऱ्याकडे नोंद करावी, वर्षातून एकदा कुणीतरी मुलाला प्रत्यक्ष भेटावं, त्याच्याशी आईबाप समोर नसताना बोलावं, आणि त्या नोंदीला शाळेच्या दाखल्याइतकंच वजन असावं. परीक्षा लादू नये. बंदीची गरज नाही. मोकाट सोडण्याचीही नाही. धार्मिक पाठशाळांची सूट याच पद्धतीत आणावी, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत. हे होईल तेव्हा होईल.

तोवर ज्यांनी मूल घरी शिकवायचं ठरवलं आहे त्यांच्यासाठी थोडंसं. जन्माचा दाखला आणि आधी शाळेत गेलं असेल तर तिथला दाखला जपून ठेवा. वह्या, चित्रं, वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या तारीख घालून एका फायलीत लावा. आरक्षणाचा लाभ लागू असेल तर शाळा सोडण्याआधी जातीचा दाखला काढून घ्या. आणि दरवर्षी जूनमध्ये मुलाला विचारा, शाळेत जायचंय का. हो म्हणालं तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ दाखवा: सहा ते चौदा वयाच्या, शाळेत नसलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य वर्गात प्रवेश मिळालाच पाहिजे, आणि मागे राहिलेलं भरून काढायला शाळेने त्याला खास प्रशिक्षणही दिलं पाहिजे. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा त्याला परत पाठवू शकत नाही.